अरिंदमची तेरवी

माझे सासरे गेले तेव्हा आमच्या यांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. ग्वारीघाटावर राख सोडून आले, चहा मागितला, आणि सुतक फिटल्याबरोबर फॅक्टरीत ड्यूटीवर हजर. तोच माणूस टीव्हीतला एक नट मेला म्हणून ताटावरून उठला. नट मेला असता तरी एक वेळ समजलं असतं. तो तर मुंबईत खाऊनपिऊन मजेत होता. मेलं होतं ते त्याचं सोंग.

त्या दिवसांत रविवारी सकाळी 'ध्रुवयान' नावाची मालिका लागायची. माणसं यानात बसून ताऱ्यांकडे निघालेली, असं काहीसं. मी एकदाच पाहिली. यानाच्या भिंतीवर बटणं म्हणून बाटल्यांची बुचं चिकटवली होती आणि कप्तान बोलला की मागचा पडदा हलायचा. पण अधारताल या आमच्या मोहल्ल्यातले मराठी लोक त्यासाठी पागल झाले होते. गल्लीच्या टोकाला मित्रमंडळाची खोली होती, तिथं रंगीत टीव्ही होता. घरी टीव्ही असलेलेही तिथंच जाऊन बसत, कारण एकट्यानं रडायला मजा येत नाही.

आणि रडायचा दिवस आला. यान कुठल्याशा जळत्या ताऱ्याकडे ओढलं जाऊन राहिलं होतं म्हणे. तेव्हा कप्तान अरिंदमनं काय केलं, तर यानाचा अर्धा भाग सुटा केला आणि आपण जळक्या अर्ध्यात राहिला. बाकीचे वाचले, हा गेला. मंडळाचे अध्यक्ष गुणवंतराव टीव्हीपुढं हात जोडून उभे राहिले. तुळशीरामजींना घाम फुटला. आमचे हे घरी आले ते डोळे सुजवून.

"काय झालं, कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"अरिंदम," हे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी पोळ्या झाकून ठेवल्या. राग तर असा आला होता की काय सांगू. त्या आठवड्यात घरात एक खरं काम चालू होतं, आणि यांना त्याची शुद्ध नव्हती.

काम होतं भाऊजींच्या लग्नाचं. भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर, चिंतामणी. चाळिशीला आला होता. सासऱ्यांना लकवा झाला तेव्हा हा ऐन लग्नाच्या वयात होता. अंग पुसणं, कूस बदलणं, हागणंमुतणं, सगळं यानं केलं, वर्षानुवर्षं. यांनी काय केलं म्हणाल तर दारातून विचारायचे, "बाबा, बरं आहे ना?" असल्या घरात पोरगी कोण देते? सासरे गेले तोवर भाऊजींच्या कानशिलांवर पांढरं आलं होतं.

आता कुठं एक स्थळ धड आलं होतं. पाटणची सुहासिनी, शाळेत शिकवायची. आईबाप लहानपणीच गेले, मामानं वाढवलेली. बघायला गेलो तेव्हा तिनं भाऊजींना एकच विचारलं, "एवढा उशीर काहून केला?" आणि भाऊजी म्हणाले, "बाबा होते ना." बस, एवढंच. तिनं खाली पाहिलं, पण मला दिसलं की पोरीला माणूस पटला. मामा मात्र पक्का गल्लेवाला, धान्याचा व्यापारी, डोक्यावर पांढरी टोपी, काखेत छत्री. भाऊजींचा फोटो खिशात घालत म्हणाला, "कळवतो." म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. मुलीकडचा माणूस न सांगता गल्लीत येतो, मुलाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, आणि चार लोकांना विचारून जातो की पोरगा कसा आहे. त्या चौकशीवर सगळं अडलेलं होतं. ती सरळ पार पडली तर भाऊजींचं घर बसणार, नाही तर संपलं.

आणि इकडे या शहाण्यांनी ठरवलं, अरिंदमची तेरवी करायची.

खरी तेरवी. मंडप, पंगत, वरणभात, बुंदी. गुणवंतराव म्हणाले, "ज्यानं सगळ्यांसाठी जीव दिला त्याच्यासाठी आपण एवढंही नाही करायचं?" नथ्थू हलवायानं बुंदीचं काम अंगावर घेतलं. फक्त फोटोचं अडलं. कोणीतरी टीव्हीच्या पडद्याचाच फोटो काढला होता, त्यात नुसते पट्टे आले. मग यांच्या सुपीक डोक्यातून निघालं, "आमचा चिंतामणी हुबेहूब तसाच दिसते ना."

मी त्या दिवशी माहेरी, पनागरला होते. घरी असते तर एकेकाला लाटणं दाखवलं असतं. यांनी कपाटातून भाऊजींचा फोटो काढला. लग्नासाठी स्टुडिओत काढलेला तोच, ज्याची एक प्रत पाटणला गेली होती. भाऊजींना विचारलं तर म्हणे, "न्या ना दादा, काय बिघडते." या माणसाला जन्मात कशाला नाही म्हणता आलं नाही. मंडळाच्या खोलीत पाटावर तो फोटो ठेवला, चंदनाचा टिळा लावला, झेंडूचा हार घातला, समोर समई लावली. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये हे शेंबड्या पोराला कळते. हे सगळे पोराबाळांचे बाप होते.

मी परतले तेव्हा पंगती उठल्या होत्या. गुणवंतराव आमच्या ओट्यावर मोठ्या थाटात सांगून राहिले होते, "वहिनी, तुम्ही पाहायला पाहिजे होतं. तुमच्या घरचे दोघं मागं पंगतीत वाढून राहिले होते तेव्हा पाटणहून माणूस आला होता दर्शनाला. पांढरी टोपी, हातात छत्री. फोटो पाहून जागच्या जागी थिजला बिचारा. मला विचारलं, भैया, कसे गेले? मी सांगितलं, दुसऱ्यांना वाचवता वाचवता जळून गेला जी. त्यानं फूल वाहिलं, न जेवता, न काही म्हणता निघून गेला. याला म्हणतात श्रद्धा."

"न काही म्हणता म्हणजे? येतो पण नाही म्हणाला?"

"नाही ना. तेरवीच्या घरातून येतो म्हणत नाहीत, एवढी रीत त्याला माहीत होती."

पांढरी टोपी, छत्री, पाटण. पण मी स्वतःला समजावलं की पाटणला एकच टोपी नसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. सुहासिनी उतरली, मागून तिची मामी, अनसूयाबाई. दोघींच्या अंगावर फिक्या साड्या, हातात काही नाही. मामीनं फाटकापासूनच पदर तोंडाला लावला होता. आणि ओट्यावर भाऊजी बनियनवर बसून सायकलीत हवा भरून राहिले होते.

मामी मटकन पायरीवर बसली. सुहासिनी उभीच राहिली. तिचे डोळे आधीच सुजलेले होते, आमच्या यांच्यासारखे, पण हिच्या सुजेची मला लाज वाटली नाही. ती भाऊजींकडे नुसती पाहत होती. मग रडायला लागली, आवाज न करता.

"या ना, बसा," भाऊजी पंप हातात धरून म्हणाले. "काहून रडून राहिल्या? कोणी गेलं काय?"

मी दोघींना आत घेतलं, पाणी दिलं, सगळं सांगितलं. मामीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बाई, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढते म्हणतात. पण आमच्या यांना कोण सांगणार? ते घरी येऊन डोक्यावरून न्हाले." सुहासिनी जाताना फाटकाशी थांबून भाऊजींना म्हणाली, "येते."

पण मामाचा निरोप आला तो दगडासारखा. एकदा ज्याच्या फोटोला हार चढला, ज्याच्या नावानं पंगत उठली, त्याला आम्ही पोरगी देत नाही. अपशकुन तो अपशकुन. फार मिनतवारी केली तेव्हा एवढं म्हणाला की ज्यांनी हा पोरखेळ केला त्यांनी पाटणला येऊन चार लोकांत तसं कबूल करावं. मग विचार करू.

म्हटलं, चलो, एवढं तर करतील. ताऱ्यात जळायला नाही सांगत, बसमध्ये बसून पाटणला जायला सांगून राहिले. मी स्वतः मंडळाच्या खोलीत गेले. फोटो अजून तिथंच होता, हार सुकला होता.

"कबूल करायचं म्हणजे माफी मागायची?" गुणवंतरावांच्या कपाळावर आठी. "वहिनी, त्यागाला आम्ही पोरखेळ म्हणायचं? तत्त्वाचा प्रश्न आहे."

तुळशीरामजींचं ब्लडप्रेशर वाढलं होतं, बसचा धक्का सोसला नसता. नथ्थूची बहीण पाटणला दिलेली, तिथं तोंड दाखवायचं कसं? एक जण म्हणाला, रविवार सोडून कधीही, रविवारी 'ध्रुवयान' असते. मेला ना तुमचा कप्तान, मी म्हटलं. तर म्हणे, आता त्याचा भाऊ आला आहे.

मी फोटोवरचा हार ओढून काढला, गुणवंतरावांच्या मांडीवर टाकला आणि फोटो घेऊन घरी आले. या लोकांपायी मी सासऱ्यांच्या माघारी पहिल्यांदा रडले, आणि ते दुःखानं नाही, संतापानं.

शेवटी पाटणला आम्ही तिघं गेलो. हे येणारच नव्हते. मी म्हटलं, "सख्खा भाऊ आहे तुमचा, टीव्हीतला नाही," तेव्हा निघाले. पण पाटणच्या बस स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी परतीच्या बसचं विचारून येतो." ते विचारणं आम्ही परत येईतो चालू होतं. पानटपरीवर.

मामाच्या ओसरीवर चार लोक बसवले होते. मामानं मला पाहिलं, भाऊजींना पाहिलं, मागं पाहिलं. "बाकीचे?"

"नाही आले," भाऊजी म्हणाले.

"हार कोणी घातला?"

मला वाटलं, आता हा माणूस सांगेल नावं. एकदा तरी सांगेल. भाऊजी म्हणाले, "फोटो मी दिला. चूक माझीच आहे. त्यांना नका बोलू." मला त्यांच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. ज्यांनी त्यांना जिवंतपणी जाळलं, त्यांना वाचवून राहिले होते.

मामा म्हणाला, "मग झालं तर. तुम्ही भले माणूस आहात, पण मी मामा आहे. बिनआईबापाच्या पोरीला अपशकुनात कसा ढकलू?" आणि उठायला लागला.

सुहासिनी दाराआड होती. ती बाहेर आली, चार लोकांसमोर, पदरही न सावरता.

"मामा, आईबाबा गेले तेव्हा मी लहान होती. रडायचं असते हेही कळलं नव्हतं. त्यानंतर मी कोणासाठीच नाही रडली. परवा तुम्ही सांगितलं की ते गेले, तेव्हा पहिल्यांदा रडली. साखरपुडा नाही, काही नाही, तरी रडली. आणि ज्याच्यासाठी रडली तो माणूस सायकलीत हवा भरताना भेटला. माझ्या आईबाबांपैकी तर कोणी असं नाही भेटलं. याच्यापेक्षा मोठा शकुन कोणता पाहिजे तुम्हाला?"

मामानं टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. मग आत तोंड करून म्हणाला, "अनसूया, चहा ठेव. साखर बरी टाक." भाऊजी खाली पाहत बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

लग्न त्याच वर्षी झालं, पाटणला. मंडळ झाडून सगळं आलं, ब्लडप्रेशरसकट. जेवणाच्या पंगतीत बसचा धक्का कोणाला लागला नाही. आमचे हे मांडवात फिरून लोकांना सांगत होते की भावासाठी त्यांनी किती खस्ता खाल्ल्या.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी गुणवंतराव घरी आले. सुहासिनीनं चहा दिला. घोट घेत म्हणाले, "सूनबाई, तुमच्या लग्नाचं श्रेय खरं तर अरिंदमलाच. त्याच्या त्यागामुळंच पाहा सगळं जमून आलं. आता त्याची पुण्यतिथी आहे. तो फोटो तेवढा पाहिजे होता, एका दिवसापुरता."

मी तोंड उघडणार तोच सुहासिनी म्हणाली, "फोटो तुमचाच लावा ना, भाऊसाहेब. हार मी करून देते. समई पण न्या आमची."

गुणवंतरावांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. हात आपोआप छातीकडे गेला. "नाही, म्हणजे, माझा कसा? मला पोरंबाळं आहेत," म्हणाले.

"यांनाही आता पोर होणार आहे," ती म्हणाली आणि रिकामा कप उचलून आत गेली.

ते उठले. चपला घालताना म्हणाले, "येतो." फाटकाशी थांबून पुन्हा म्हणाले, "येतो हं वहिनी." रस्त्यावर गेल्यावर वळून आणखी एकदा, जरा मोठ्यानं म्हणाले, "येतो."