दाखवाल ते बोला

मित्रांनो, टाइपरायटर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे बटणांच्या रांगा येतात. मीही एक जुना टाइपरायटर आहे, पण अक्षरे उमटवणाऱ्या माझ्या कळा सहाच. त्या दाबल्या की जाड कागदावर ठिपके उठतात आणि ज्यांना दिसत नाही ती माणसे ते बोटांनी वाचतात. ही ब्रेल लिपी. मी दिसायला ओबडधोबड, वजनाला धोंडा आणि आवाजाने तर सगळ्या खोलीला जागे ठेवणारा.

पोलाद कापून, स्क्रू पिळून मला एका कारखान्यात जोडले आणि मी उदगीरला आलो, मन्मथप्पा नावाच्या किराणा दुकानदाराच्या घरी. त्यांच्या मुलीची, शिवगंगाची, दृष्टी लहानपणी गोवरात गेली होती. शेजारी म्हणाले, "अप्पा, पोरीला हे धूड कशाला? बाजाची पेटी आणा, भजनं म्हणेल."

"भजनं ती म्हणतेच की," मन्मथप्पा म्हणाले. "आता तिला भांडायला शिकू द्या."

ती शिकली. कॉलेजात मैत्रिणी कायद्याची पुस्तके मोठ्याने वाचत आणि शिवगंगा माझ्यावर ती उतरवून घेई. ती वकील झाली. पुढे न्यायाधीशाच्या जागेसाठी अर्ज केला, तर 'अंध उमेदवार चालणार नाही' असे उत्तर आले. तेव्हा तिने सरकारवरच दावा लावला आणि स्वतःच तो चालवला. निकाल यायला वर्षे लागली. त्या काळात माझी शाईची फीत कधी संपली नाही, कारण मला शाई लागतच नाही. पण तिचा धीरही संपला नाही, याचे मला आजही नवल वाटते. ती जिंकली. शिवगंगा आता शिवगंगाबाई झाल्या आणि काही वर्षांनी बीड जिल्ह्यात अपिले ऐकायला आल्या. खालच्या कोर्टाचा निकाल ज्याला पटत नसे, तो त्यांच्यापुढे येई.

त्या आल्या ते साल दुष्काळाचे. माजलगावच्या धरणानेही तळ दाखवला होता. धडधाकट माणसे ऊसतोडीला गेली होती आणि गावांत म्हातारी माणसे नि लेकरे राहिली होती. अशाच एका गावच्या छबुबाई अपिलात आल्या. त्यांच्या गावचा पाझर तलाव पिण्यासाठी राखून ठेवलेला होता. तिथल्या सहकारी संस्थेने त्यात पाइप टाकून पाणी आपल्या ऊसबेण्याच्या मळ्याला नेले, अशी गावाची तक्रार होती. खालच्या कोर्टाने पुरावा नाही म्हणून दावा फेटाळला होता.

पहिल्याच दिवशी संस्थेचे वकील सुग्रीवराव उभे राहिले. "या प्रकरणात फोटो आहेत, नकाशे आहेत. न्यायाधीशांना ते पाहता येणार नाहीत. अपील दुसरीकडे द्यावं."

बाईंनी तो आक्षेप माझ्यावर शब्दन्‌शब्द टिपला. माझी खटखट तेवढी ऐकू येत होती.

मागून छबुबाईच बोलल्या, "बाई, राग मानू नका. पर तुमाला दिसत न्हाई, मग आमचं कसं व्हायचं?"

"आजी, माझं चुकलं तर तुम्ही वरच्या कोर्टात जा," बाई म्हणाल्या. "पण माझ्या डोळ्यांवरून जाऊ नका, निकालावरून जा." मग त्या वकिलाकडे वळल्या. "तुम्हीही खुशाल वर जा. तिथून नाही म्हणाले, तर इथं एकच नियम असेल. दाखवाल ते बोला."

सुग्रीवराव वर गेले आणि नकार घेऊन परत आले. त्यांनी संस्थेनेच खालच्या कोर्टात दिलेले फोटो पुढे केले. "तलाव कोरडा आहे, हे यात स्पष्ट दिसतं."

"कुणाला दिसतं? बोला."

"तलाव… भेगाळलेला आहे. मधे पाइप आहे. बंद."

"पाइपाचं तोंड कुठं आहे?"

"एका खड्ड्यात."

"खड्ड्यात काय आहे?"

सुग्रीवरावांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. माझ्या कळांवर बाईंची बोटे तशीच राहिली.

"मी वाट बघते आहे, वकीलसाहेब."

"…पाणी."

"दुसऱ्या, संस्थेच्या मळ्याच्या फोटोत?"

"ऊस."

"कसा आहे?"

फोटो त्यांच्या हातात होता, खोटे बोलायची सोय नव्हती.

"हिरवा," सुग्रीवराव म्हणाले.

छबुबाई जागेवरून ओरडल्या, "आमी लई बोंबललो हेच सांगत! कावून ऐकलं न्हाई कुणी?"

बाईंनी त्यांना शांत बसायला सांगितले; पण त्यांचे ते वाक्यही माझ्याकडून लिहून घेतले.

मित्रांनो, हे फोटो कधीच लपलेले नव्हते. सगळ्यांनी पाहिले होते. फक्त कोणाला ते मोठ्याने म्हणावे लागले नव्हते.

निकाल छबुबाईंच्या गावाच्या बाजूने लागला. पाइप उखडला गेला. संस्था हायकोर्टात गेली, तिथेही निकाल टिकला. पाणी काही उफाळून आले नाही. पावसापर्यंत दारोदार रोज एकेक हंडा, एवढेच. छबुबाई म्हणाल्या, "एक हंडा हाय, पर आमचा हाय."

एका वर्तमानपत्राने 'अंध असूनही उत्तम न्याय' असे छापले. बाई वार्ताहराला म्हणाल्या, "मी अंध आहे आणि न्यायाधीश आहे. मधला 'असूनही' तुमचा. तो परत घ्या."

पुढे बोलणारा संगणक आला आणि मी फळीवर गेलो. तिथे धूळ साचली, एक कळ गंजली. बाईही निवृत्त झाल्या. तेव्हा वकील मंडळींनी ठरवले की मला काचेच्या पेटीत ठेवायचे. हार घेऊन पुढे आले ते सुग्रीवरावच, आणि अगदी मनापासून.

"पेटीत ठेवलं की यंत्र मुकं होईल," असे म्हणून बाईंनी मला उचलून आंधळ्या मुलांच्या शाळेत नेऊन दिले.

आता मुले मला धबाधबा बडवतात. माझी गंजकी कळ अडखळते, तेव्हा शिव्याही देतात. चालेल! मित्रांनो, जुन्या यंत्राला ओवाळू नका आणि त्याची कीवही करू नका. हार नको मला. थेंबभर तेल घाला आणि कागद लावा.