घरचं माप

ताई कारखान्याच्या चाचणी विभागात उंदरिणींची अंडाशयं तोलायची. मूल होत नाही अशा बायकांसाठी तिथं संप्रेरकाची इंजेक्शनं बनत. ती आधी पांढऱ्या उंदरिणींना टोचायची आणि अंडाशय किती भरलं ते बारीक काट्यावर बघायचं. शेजारच्या पिंजऱ्याला टोचायचं ‘घरचं माप’, म्हणजे विभागाच्या साहेबांनी सात वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं बनवून कपाटात ठेवलेल्या तपकिरी बाटलीतलं औषध. दोन्हीकडे वजन सारखं आलं की बॅच पास. ते नेहमीच सारखं येई, कारण औषध त्या बाटलीशी जुळेपर्यंत पातळ करत. एकही बॅच कधी नापास नाही, म्हणून विभागात साहेबांना पाठीमागे ‘शंभरटक्के’ म्हणत.

दोन वर्षांपूर्वी ताईनं एकदा भीत भीत सांगितलं होतं, “साहेब, हल्ली दोन्ही पिंजऱ्यांत वजन कमी येतंय. घरचं मापच उतरलं नसेल ना?”

“माप नाही हो बाई, उंदीर आळशी झालेत!”

सगळा विभाग खो खो हसला. तीही हसली, आणि हसता हसता सही करून मोकळी झाली.

त्याच बॅचची इंजेक्शनं तिनं मोठ्या हौसेनं धाकट्या बहिणीला नेऊन दिली. उपचाराच्या तीन फेऱ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, शरीर साथ देत नाही. सासू म्हणाली, “खडकावर पेरून काय उगवणार?” नवऱ्यानं आईचीच री ओढली. तेव्हापासून धाकटी ताईकडे राहत होती आणि दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची.

या महिन्यात मध्यवर्ती प्रयोगशाळेनं सगळ्या कारखान्यांना एकाच औषधाच्या कुप्या पाठवल्या. यापुढे सगळ्यांचं माप एकच. आधी आपापलं घरचं माप याच्यापुढे धरा आणि आकडा कळवा, असं पत्र होतं. ताईनं तीनदा तोललं. तिन्ही वेळा तेच आलं. घरचं माप शंभर नव्हतंच. एकसष्ट होतं. सात वर्षं सगळं त्या बाटलीशी तोललं, बाटली कुणी तोललीच नाही!

मनाचं कसं असतं बघा, डोळ्यांत पाणी यायच्या आधीच तिथं सूड येऊन मांडी घालून बसला.

दुपारी शंभरटक्के स्वतः तिच्या टेबलाशी आले. “बाई, शंभरच्या आसपास काहीतरी लिहा. उंदरांना आजार होता म्हणू. मुख्य तपासनिसाची जागा रिकामी होतेय, लक्षात आहे माझ्या.”

“आसपास म्हणजे किती, साहेब?”

“तुम्ही शहाण्या आहात.”

“हो ना. आळशी ते उंदीरच.”

साहेब हसले आणि निर्धास्त गेले.

ताईनं कागद पुढे ओढला. एकसष्ट लिहिलं, तर हा माणूस ‘चुकलं’ म्हणून हात झटकेल. तीस लिहिलं, तर जन्मात डोकं वर काढणार नाही. तिनं पेन टेकवलंही. पण तीस वाचून उद्या एखाद्या डॉक्टरनं याच बाटल्या तिप्पट टोचल्या तर? पोटात अंडाशय फुगून कुणाची तरी धाकटी मरणाच्या दारात जाईल. “देवा,” ती पुटपुटली, “राग दिलास तो राहू दे, पण खोटं लिहायला लावू नकोस.”

तिनं एकसष्ट लिहिलं. मग शेऱ्यात तोंडी कळवल्याची तारीख, साहेबांचं उत्तर शब्दाला शब्द, आणि त्यानंतर पास झालेल्या सगळ्या बॅचचे नंबर. प्रत्येकापुढे सही कुणाची, तेही. सह्या तिच्याच होत्या.

आठवड्यानं बाहेरून आलेल्या तपासणी अधिकारी बाईंनी तो शेरा भर बैठकीत मोठ्यानं वाचला. “‘उंदीर आळशी झालेत.’ हे आपण म्हणालात?”

“ते... गमतीत, मॅडम.”

“गमतीत किती बॅच गेल्या?”

साहेबांचं तोंड राखेसारखं झालं. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं नजर हलवली नाही. त्या तोंडाकडे ती पोटभर बघत राहिली. गोड लागलं तिला, देवाला खोटं कशाला सांगायचं! संध्याकाळपर्यंत बाटल्या परत मागवायचे हुकूम सुटले आणि साहेबांच्या केबिनला कुलूप लागलं. ताईलाही चौकशी संपेपर्यंत घरी बसायचं पत्र मिळालं. त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

घरी येऊन तिनं धाकटीला सगळं सांगितलं. तुझ्यात काही कमी नव्हतं, औषधच उणं होतं, हे सांगताना तिचा आवाज चढला. “त्याला सोडला नाही गं मी!”

धाकटी उठून बसली. “माझ्या बॅचवर सही कुणाची होती?”

“माझी.”

“आणि तुला तेव्हाच शंका आली होती.”

“आली होती.”

“मला का नाही सांगितलंस?”

हसण्यावारी नेलं, हे काय उत्तर झालं?

“त्याला तू सोडलं नाहीस, ताई,” धाकटी शांतपणे म्हणाली, “मग तुला मी का सोडू?”

तिनं कपाटावरची बॅग काढली. कुठे जाणार, हे ताईनं विचारलं नाही. तो हक्क आता आपला नाही हे तिला कळलं. धाकटी एकेक कपडा पलंगावर टाकत होती आणि ताई खाली मान घालून त्याच्या घड्या करून देत होती.