एक डोळा झोपलेला ऑक्टोपस

मी एक जुना ऑक्टोपस आहे, मित्रांनो, पण समुद्र मी कधी पाहिलेला नाही. चहाचा कागदी पेला हे माझे डोके आणि फाटक्या चादरीच्या पट्ट्या हे माझे पाय. फ्रिजच्या डोक्यावर, धूळ खात, मी दिवस काढतो आहे.

मला घडवले भिंगरीने. ती तेव्हा बालवर्गात होती. एका जागी म्हणून ठरत नसे, त्यामुळे वडिलांनीच तिला हे नाव ठेवले होते. वडील वायरमन. लोकांच्या घरी शिडीवर चढून-उतरून त्यांचे पाय भरून येत. पण त्या सुटीच्या दिवशी त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरले आणि घरातली सगळी अडगळ लेकीच्या पुढ्यात ओतली. शाळेत ‘आमचा समुद्र’ नावाचे प्रदर्शन भरणार होते. प्रत्येक मुलाने टाकाऊ वस्तूंतून एक प्राणी करून आणायचा होता.

बाबांनी फक्त कात्री धरायला हात लावला. बाकी सगळा कारभार भिंगरीचा. पाय चिकटवताना ती मोजत होती, "पाच, सहा, सात, नऊ! झाले!" तिच्या मोजणीत आठ हा आकडाच नव्हता, त्यामुळे माझे पाय मात्र बरोबर आठ भरले. निळा रंग अर्ध्यावर संपला, मग उरलेला मी तपकिरी झालो. एका डोळ्याला कोटाचे थोरले बटण, दुसऱ्याला तिच्या फ्रॉकचे इवलेसे.

"अगं, डोळे सारखे नकोत का?" बाबांनी विचारले.

"त्याचा एक डोळा झोपलाय, बाबा. हळू बोला."

आणि बाबा खरोखर कुजबुजू लागले. मित्रांनो, एवढा मान मला पुन्हा कुणी दिला नाही.

शाळेत बाईंनी मला उचलून घेतले आणि त्या मनापासून हसल्या. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. टेबलावर सुजलेले मासे होते, लंगडी कासवे होती, पाठीवर डोळे असलेला खेकडाही होता. त्यांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"हे भिंतीवर लावणार? पालक येणार आहेत. शोभा होईल आपली."

"मुलांनी स्वतः केलंय, मॅडम," बाई हळूच म्हणाल्या.

"मग आता तुम्ही करा. नावं मुलांची घाला."

बाई नवीन होत्या. त्यांनी मान खाली घातली. मुले घरी गेल्यावर त्या एकट्याच चकचकीत कागद कापत बसल्या. आम्हाला खोक्यात भरून कपाटावर चढवण्यात आले. खोक्याला झाकण नव्हते, म्हणून पुढचे सगळे मला पाहावे लागले.

प्रदर्शनाच्या दिवशी भिंगरी बाबांचे बोट ओढत आली. भिंतीवर सारखे, गुळगुळीत, गुलाबी ऑक्टोपस रांगेत टांगले होते. एकाखाली तिचे नाव होते.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

"तुझाच गं! नाव बघ ना," मोठ्या बाईंनी तिचा गाल ओढला. "लाजतेय!"

कुणाच्या तरी आजी पुढे वाकल्या. "किती सुबक केलास गं बाळा!"

भिंगरीने बाईंकडे पाहिले. बाई फरशीकडे पाहत होत्या. तिने बाबांकडे पाहिले. बाबांना सगळे कळले होते, पण एवढ्या लोकांत त्यांचा धीर झाला नाही. "हो म्हण, बेटा," ते पुटपुटले.

"हो. मीच केला," भिंगरी म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला गुपचूप तिच्या दप्तरात सरकवले. घरी बाबांनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा फुलला.

"टाकून द्या तो," भिंगरी म्हणाली. "वाकडा आहे."

"अगं, त्याचा डोळा झोपलाय ना?"

"डोळे सारखे लागतात, बाबा."

त्यांनी मला टाकले नाही, फ्रिजवर ठेवले. नंतरही कितीदा तरी त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरले, कात्री पुढे ठेवली. भिंगरी हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बसून राही. "तुम्हीच करा ना. तुमचं छान होतं."

पुढे ती मोठ्या शाळेत गेली. तिथे दीपगृह करायला सांगितले होते. बाबांनी समजावले, विनवले, शेवटी हार मानली आणि स्वतःच करायला बसले. आत खरा दिवा लावला. त्याला पहिले बक्षीस मिळाले. भिंगरीने ते घरी आणून टेबलावर ठेवले आणि ती जेवायला बसली. त्या बक्षिसाकडे दोघांपैकी कुणीच पुन्हा पाहिले नाही.

मित्रांनो, माझा गोंद आता सुटत चालला आहे. त्याचे मला दुःख नाही, कागदाचे आयुष्य ते केवढे! पण तुमच्या धाकट्या भावाने, बहिणीने काही करून तुमच्यापुढे धरले, तर ते सरळ करायला घेऊ नका. वाकडे असेल तर वाकडे राहू द्या, पण त्यांचे राहू द्या. मूल एकदा हात मागे घेते, मग कितीही बोलावले तरी पुढे करत नाही. भिंगरीने अजून केलेला नाही.