आपलंवालं सिरीयस

"असा डायरेक्ट सांगते का कोनी, सर?" विनोदनं बाकावरून उठायचे कष्टही घेतले नाहीत. "त्या निरोप्याले घरच्यायनं काही शिकवलं नाई वाटते."

दहावी 'ब'चा वर्ग हसला. रामटेके सरांनी खडू खाली ठेवला. इंग्रजीच्या पुस्तकात एका जुन्या ग्रीक शोकांतिकेचा साडेतीन पानांचा उतारा होता. राजाची मुलगी महालाच्या दारात उभी असते. निरोप्या येतो आणि तुझा बाप मेला असं एका वाक्यात सांगतो. मरण रंगमंचावर दाखवायचं नाही, कुणीतरी येऊन सांगायचं, ही त्या नाटकांची रीत.

"मग आपल्याकडे कसं सांगतात?" सरांनी विचारलं.

"सिरीयस हाय म्हन्तेत," तीन-चार जण एकदम बोलले.

"मेलेल्यालेच सिरीयस म्हन्तेत, सर," खिडकीजवळची डिंपल मारबते म्हणाली. "जिता असला तं सीधा दवाखान्याचं नाव सांगतेत. माह्या मामाले आनाले चार जन गेलते, आजी सिरीयस हाय म्हनत. मामा म्हने, सिरीयसले चार जन कायले लागतेत?"

पुन्हा हशा झाला. सरही हसले. मग त्यांनी उत्तर लिहून द्यायला घेतलं. निरोप्याचं स्वभावचित्र, चार मार्क. 'निरोप्या प्रामाणिक आहे' हे वाक्य गाइडमध्ये होतं. त्यापुढचं सरांचं स्वतःचं होतं: ज्याचं माणूस गेलं, त्या बातमीवर पहिला हक्क त्याचा असतो. हे वाक्य ते आधी इंग्रजीत आणि मग मराठीत सांगत. त्या दिवशी ढगांच्या गडगडाटामुळे त्यांना ते दोनदा सांगावं लागलं.

पुढच्या तासाला शिपाई देवाजी दारात आला. "सर, हेडमास्तर बलावून राहिले. जरा लवकर."

हेडमास्तर ऑफिसात उभेच होते. हातात मोबाइल होता.

"थे मारबतेची पोरगी तुमच्या वर्गात हाय ना? तिची आई गेली. धानाच्या बांधीत रोवना चालू होता, वीज पडली. बाकीच्या बाया वाचल्या, कुंताबाई जागीच गेली. पोलीस यायचे हायेत अजून."

रामटेके सरांनी दारातून वर्गाकडे पाहिलं.

"तुमची गाडी हाय, तुमीच सोडून द्या तिले. अन् सांगू नका काही. आईची तब्येत बराबर नाई, बस."

"सोळा वर्षांची आहे ती, सर."

"म्हनूनच म्हन्तो. रस्त्यात गाडीवरून उडी मारली तं जिम्मेदारी कोनाची?"

अश्वजित रामटेके बी.एड.साठी भंडाऱ्याला खोली घेऊन राहत होते, तेव्हा त्यांच्या गावचा एक जण असाच आला होता. बाबा सिरीयस हाय, चाल. एस.टी. स्टँडवर त्यांनी सहा मोसंब्या घेतल्या. दुखणाइताला रस देतात, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. सोबतचा माणूस पाहत राहिला, नको म्हणाला नाही. घरासमोर माणसं जमलेली, अंगणात बांबू कापणं चालू, आणि हातात मोसंब्यांची पिशवी. ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना. कुणीतरी ती हातातून काढून घेतली. पुढं ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. मात्र नोकरी लागल्यापासून बावीस वर्षं बातमीवरच्या पहिल्या हक्काचं ते वाक्य प्रत्येक बॅचला लिहून देत आले होते.

डिंपल दप्तर घेऊन वऱ्हांड्यात आली. देवाजीनं तिला काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण तिचा चेहरा उतरला होता.

"काय झालं, सर?"

"आईची तब्येत बरी नाही. घरी चल."

"सकारी तं चांगली होती. माह्या आदी बांधीत गेली." ती थांबली. "सिरीयस हाय का?"

"हो."

तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "सर, खरोखर सिरीयस, का आपलंवालं सिरीयस?"

ऑफिसच्या दारातून हेडमास्तर पाहत होते.

"खरोखर," सर म्हणाले.

तिचे खांदे खाली आले. तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "मंग ठीक हाय. दुसऱ्या कोनी सांगतलं असतं तं मी मानलं नसतं."

तिचं गाव चार किलोमीटरवर, तलावाच्या पलीकडे होतं. ती मागं बसून बोलत होती. आईला मागंही एकदा बांधीत चक्कर आली होती. लाखांदूरच्या दवाखान्यात दोन सलाइनी लावल्या, संध्याकाळी चालत घरी आली. आई उपाशीच जाते, ऐकतच नाही. सर, तुम्ही जरा ओरडा तिच्यावर, तुमचं ऐकते ती.

तलावाच्या काठाला, पाळीवर सरांनी गाडी थांबवली. इथंच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ते उतरले. तीही उतरली.

"काहून थांबलो, सर? पंक्चर झाली का?"

"वाटलं तसं," ते म्हणाले आणि खाली बसले. मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. ते टणक होतं. त्यांनी ते पुन्हा दाबलं, मग पुढचंही दाबलं.

"हवा तं हाय, सर. चाला ना, आई वाट पाहून राहिली असंन."

ते उठले. गाडी सुरू केली.

गावात शिरल्यावर ती बोलायची थांबली. तिच्या घरासमोर रोवण्याच्या, धान लावणाऱ्या बायका बसल्या होत्या. पायांवरचा चिखल पोटऱ्यांपर्यंत तसाच होता, साड्यांचे ओचे सोडलेले नव्हते. गाडी पाहून त्या गप्प झाल्या. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी देवकाबाई उठली. तिनं आधी सरांना विचारलं, "गुरुजी, पोरीले सांगतलं का?"

सरांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यातून कळलं नाही.

देवकाबाईनं डिंपलचे दोन्ही खांदे धरले. "कुंता मेली, बाई. इज पडली. माह्या बाजूलेच होती. तिले काही समजलंच नाई."

बायकांनी रडायला सुरुवात केली. डिंपल रडली नाही. तिनं मागं वळून पाहिलं.

रामटेके सर गाडी स्टँडवर लावत होते. जमीन भिजलेली होती, स्टँड रुतत होता. त्यांनी गाडी दोन पावलं पुढं घेऊन लावली. तिथंही ती कलली. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी सरळ धरली आणि तशीच धरून उभे राहिले.