चॅपलमध्ये भरलेलं वर्ष

लघुलिपीच्या मास्तरांनी हिच्या वह्या मला परत दिल्या, त्या दिवशी ही गेली हे मला खरं कळलं. जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

ही प्राचार्यांची स्टेनो होती, एकतीस वर्षं. मी त्याच कॉलेजात सुतार. कॉलेज छोटं, मिशनचं. सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना, मग तत्त्वज्ञान, इतिहास, भाषा, संगीत. असल्या विषयांना आता मुलं येत नाहीत, म्हणून या महिन्याअखेर ते बंद होतंय.

निवृत्त झाल्यावर हिनं कॉलेजचा इतिहास लिहायला घेतला. जुनी माणसं शोधून त्यांच्यासमोर बसायची आणि ती बोलतील तसं पेन्सिलीनं लघुलिपीत उतरवायची. नऊ वह्या भरल्या. "सगळं जमलं की एकदमच टाइप करीन," म्हणायची.

"मला नाही लागत हो हे," मास्तर म्हणाले.

"तुम्ही तर शिकवायचात."

"शिकवलं तसं कोण लिहितं? प्रत्येकाचा हात आपापला होतो. तुमच्या बाईंनी अर्ध्या खुणा स्वतःच्याच पाडल्यात. ज्यानं लिहिलं त्यानंच हे वाचायचं, तेही लवकर."

तीन पानांत त्यांना अकरा शब्द लागले. त्यात 'चॅपल' दोनदा.

मला एकच गोष्ट हवी होती. कॉलेजच्या निरोपाची पुस्तिका निघतेय. तिच्यात लिहिलंय, स्थापनेच्या तिसाव्या वर्षी मिशनची मदत थांबल्यामुळे महाविद्यालय सात महिने बंद होते. या वाक्यावर ही जेवताना चिडायची. "बंद कुठं होतं? इमारतीला कुलूप होतं. वर्ग चॅपलमध्ये भरत होते, बिनपगारी. कोणी शिकवलं त्यांची नावं आहेत माझ्याकडे." मी 'हं' म्हणायचो आणि भाजी वाढून घ्यायचो. नावं कधी विचारली नाहीत.

ते वाक्य बदला म्हणून सांगायला प्राचार्यांकडे गेलो.

"काका, पुरावा काय?"

"चॅपलच्या बाकांच्या पाठींना भोकं आहेत. अठरा बाकं, प्रत्येकाला सहा. लिहायला फळ्या बसवल्या होत्या तिथं. नंतर मेणानं बुजवलीत. पॉलिश करताना मी बघितलीत."

"भोकं छापू का मी?" ते हसले, पण तुच्छतेनं नाही. "शिकवणाऱ्याचं एक नाव आणा. गुरुवारी छपाईला जातंय. एका नावावर वाक्य बदलतो."

मुलगी म्हणाली, "बाबा, आईनं ज्यांना विचारलं त्यांनाच विचारा की."

वह्यांच्या पुठ्ठ्यांवर पत्ते तेवढे साध्या अक्षरात होते. नऊ घरं फिरलो. सहा घरी ते माणूस उरलेलं नव्हतं. दोघांना मी कोण हेच समजेना. राहिल्या वसतिगृहाच्या जुन्या मेट्रनबाई, नव्वदी ओलांडलेल्या.

"त्या वर्षी चॅपलमध्ये वर्ग भरत होते ना, बाई?"

"भरत होते म्हणजे? फळा मी पुसायचे."

"शिकवायला कोण होतं?"

"सगळं सांगितलंय तुझ्या बायकोला. दोन दुपारी बसली होती. तिला विचार."

"ती गेली, बाई."

"कुठं?"

मी सांगितलं.  त्या म्हणाल्या, "गुणाची पोर. मला मध्ये तोडायची नाही."

"एखादं नाव आठवतं का?"

"ते उंच होते, ते. आणि त्यांची बहीण." त्यांनी कपाळ चोळलं. "इतकी वर्षं घोकत बसले होते रे मी, कोणी विचारलं तर म्हणून. तिनं लिहून घेतलं आणि मी सोडून दिलं."

"मग तुमचंच नाव देऊ?"

"वेडा आहेस का? मी फळा पुसला. त्यांच्याआधी माझं छापलंस तर वर गेल्यावर त्यांना तोंड कसं दाखवू?"

परत येताना मास्तरांकडून लघुलिपीचं पहिलं पुस्तक आणलं. तीन दिवस गिरवत बसलो. माझा हात रंध्याचा. जाड रेघेचा उच्चार वेगळा, बारीक रेघेचा वेगळा; तो फरकसुद्धा मला काढता येत नाही.

पुस्तिका गुरुवारी छपाईला गेली. वाक्य तसंच आहे. नऊच्या नऊ वह्या वाचायच्या राहिल्यात.