पटावरच्या पोरी

“पोर्‍याले नई ठेवता येवाव, काकू. त्यान्हा नावनी सव्वा मूठ निघेल शे तथा गावले.” पार्वतीने गाठोड्याची गाठ दातांनी आवळली. “गहू मोजाई गयात आनि पोर्‍याच नई, आसं कसं चालई?”

धुरपदाबाई चौकटीला धरून उभी राहिली. शनिवारची दुपार होती, आणि चाळीत दर दुसर्‍या खोलीपुढे अशीच गाठोडी बांधली जात होती. श्रावणातली कानबाईदेवी घरोघर उद्या बसणार, सोमवारी उठणार. पोटासाठी गुजरातेत आलेला सगळा खान्देश भुसावळ पॅसेंजरने गावाकडे निघाला होता.

आणि साहेब नेमका सोमवारीच यायचा होता. बालवाडीतली पोरं मोजायला. वीस भरली तर बालवाडी राहील, नाही तर दिवाळीनंतर कुलूप. सरकारी बजेटातला बालवाड्यांचा आकडा यंदा छाटला होता, एवढं तिला ऑफिसातल्या शिपायाने सांगितलं होतं.

धुरपदाबाई त्या बालवाडीची तेडागर. सकाळी घरोघर फिरून पोरं गोळा करायची, दुपारी ज्याची त्याला परत पोचवायची. एका हाताची चार बोटं चार पोरांनी धरलेली, कडेवर एक, मागे पदराला लोंबकळणारं एक. नऊ वर्षांपूर्वी बालवाडी उघडली तेव्हा काय थाट होता! पोरांना पेलाभर दूध, गुळाची सुखडी, शिकवायला रंजनाबेन. सुखडी थापायला घेतली की तुपाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि लूमवरून रातपाळी करून आलेले बापेही डोकावून म्हणायचे, “काकू, मन्हं नाव लिखी ल्या ना पटवर!”

मग एका वर्षी दूध बंद झालं. पुढच्या वर्षी तुपाच्या जागी तेल आलं. रंजनाबेन बदलून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. दर मार्चनंतर काहीतरी एक कमी व्हायचं आणि उरलेल्यात धुरपदाबाई भागवायची. अ-आ-ई तिला येत नव्हतं, पण गाणी येत होती. अहिराणी गाणी म्हणत पोरं गुजराती आकडे शिकली.

“मग पोर ठी जाय,” ती एकदम म्हणाली.

पार्वतीचे हात थांबले. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, तान्हं पोरगं असलं तरी काढायचे, ही रीत. पोरीच्या नावाने निघत नाहीत. ती उद्या परक्या कुळात जाणार. धुरपदाबाईच्या नावानेही कधी निघाले नव्हते.

“सुवर्णाले?” पार्वतीने लेकीकडे पाहिलं. “तिले तं चालस. तिन्हं काय शे तथा.”

मग धुरपदाबाई दारोदार तेच बोलत फिरली. शेजारचा धुडकू हसला, “काकू, आमन्या पोरी सरकारले दान मांगी र्‍हायन्यात का?” पण दोघी ठेवून गेला. गाडी सुटायच्या आत नऊ पोरी तिच्या खोलीत जमल्या. दोन दिवस त्यांनी तिचं डोकं खाल्लं, एकमेकींच्या वेण्या सोडल्या, एकीला आईची आठवण आली की बाकीच्या आठ जणी सुरात रडल्या.

सोमवारी वर्‍हाडातल्या नि मराठवाड्यातल्या बिर्‍हाडांची पाच पोरं आली. त्यांना कानबाई नाही. भगवान सेंटरिंगवाल्याच्या बायकोने तापाने फणफणलेला पोरगा दीपकसुद्धा स्वेटर घालून पाठवला होता.

साहेब अकराला आला. घामाघूम, भला माणूस. पाणी प्यायला, पट उघडला.

“बेन, पच्चीस लखेला छे. बाकीना क्यां छे?”

“गावाला गेलेत, साहेब. देवीचं आहे. परवा या, पंचवीस दाखवते.”

“परवा मला भेस्तानची बालवाडी आहे.” साहेब ओशाळला. “मी दिसतात तेवढेच लिहिणार, बेन. ‘गावाला गेलेत’ असं बाजूला लिहीन. पण वरच्या ऑफिसात बाजूचं कोण वाचतं?”

तो उठून मोजू लागला. एकेकीच्या डोक्यावर पेनाचं टोपण टेकवत, पुटपुटत. सुवर्णाच्या डोक्यावर टोपण टेकलं तशी ती उभी राहून ओरडली, “हाजर!” सगळ्या हसल्या, आकडा चुकला, साहेबाने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्या पोरींना कुणी मोजायची ही पहिलीच वेळ होती, आणि त्या पाठी ताठ करून बसल्या होत्या. धुरपदाबाई बघतच राहिली. क्षणभर आपण कशासाठी उभ्या आहोत तेही ती विसरली.

साहेबाने लिहिलं : चौदा.

बालवाडी बंद करायचा कागद दिवाळीआधीच आला. पार्वती पर्वत पाटियाच्या गोडाऊनात साड्यांचे धागे कापायला जायची. आता लेकाला, गोपालला, ती बरोबर नेणार होती आणि सुवर्णाला घरात ठेवून बाहेरून कडी लावणार होती. मालक एकच पोर चालवून घ्यायचा.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “मन्हामुये बंद व्हयनी का?”

“नई वं माय. ते वरच ठरेल व्हतं.” ठरलं होतं की नव्हतं, धुरपदाबाईला कुठे माहीत होतं?

बालवाडीचं सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा ती ओट्यावर बसून मोठं पातेलं घासत होती. नारळाची शेंडी, राख, आणि बुडाशी नऊ वर्षांचं काळं.

“मावशी, राहू द्या,” टेम्पोवाला म्हणाला. “हे सगळं भंगारात जाणार आहे.”

“जाऊ दे. थांब जरा.”

त्याने बिडी पेटवली, संपवली. तिने पातेलं तीन पाण्यांनी विसळलं, पदराने आतून-बाहेरून कोरडं केलं, उजेडात तिरपं धरून पाहिलं. एक डाग राहिला होता. ती पुन्हा खाली बसली.