दोनदा हजर

ऑनलाइन वर्ग सुरू होऊन महिना होत आला, तेव्हा वर्षाली गावंडेचे पाय कमरेपासून नाहीसे झाले. नर्सिंगच्या वर्गातल्या कुठल्याच मुलीचं मोबाइलमध्ये कमरेखालचं काही दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही ते टिकणार तरी किती? आईला उलट बरंच वाटलं. परतवाड्याच्या एसटीची धक्काबुक्की नको, चपला झिजणं नको.

"घरीच शिक नं, बाई," ती म्हणाली. "शिकाले पाय कायले पाह्यजेत?"

पायांचं वर्षालीने फारसं मनावर घेतलं नव्हतं. तिला खटकली ती नाडी. हिंगणकर मॅडमनी मोबाइलवर नाडी पाहायला शिकवली. वर्षालीने आपल्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी छान लागली. मग नेटवर्क गेलं आणि नाडी थांबली. स्क्रीनवर चक्र गरगरत होतं तोवर ती गार पडून बसली. नेटवर्क आलं, नाडी आली.

अशा नाडीच्या भरवशावर मी पेशंटला हात लावायचा? वर्षालीचं डोकंच फिरलं. आजच्या हजेरीला जी जिथून 'हजर' म्हणेल, वर्गातून किंवा घरून, ती वर्षभर तिथलीच, असं कॉलेजने कळवलं होतं. तिने मोबाइल टेबलावर ठेवला आणि ती निघाली. एसटीची पायरी चढायला पाय नव्हते, म्हणून चालतच. चालायची सवय होती, ती पुरली.

रस्ता मात्र ऐकेना. कॉलेजची पाटी दिसायची, आणि जवळ गेलं की तेवढीच पुढे सरकायची. शेवटी वर्षालीने तिच्याकडे बघणंच सोडलं आणि मान खाली घालून चालत राहिली. अचानक डांबराचा सणसणीत चटका बसला. तळवे आले होते. तिला इतका आनंद झाला, की ती वर्गाच्या दारापर्यंत पळतच गेली.

"वर्षाली गावंडे," मॅडमनी पुकारलं.

"हजर, म्याडम!"

आवाज भिंतीवरच्या पडद्यातून आला. पोरीची हजेरी बुडू नये म्हणून आईने मोबाइल हातात घेतला होता.

"मॅडम, मी इथं आहे. हजर."

"हजर एकदाच होता येतं गं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वर्षालीचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "इथं नाडीच लागत नाही. तू घरी आहेस."

वर्षालीला रडू फुटलं, पण ती मागे फिरली नाही. पडद्यात आई टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होती.

"वर्षाली, माहे पाय कुठी गेले व?"

वर्षाली पहिल्या बाकावर जाऊन बसली. तिने मॅडमचं मनगट ओढून घेतलं, त्यावर बोटं रोवली, आणि नाडी लागल्याबरोबर मोठमोठ्याने मोजू लागली. पडद्यावर आईच्या चेहऱ्यावर चक्र गरगरायला लागलं. बोटांखालची नाडी चालूच होती; वर्षालीने मोजणं थांबवलं नाही.